जिरून जाणारं क्रीम

तळेवाडीच्या नमनात, म्हणजे शिमग्यातल्या नाचगाण्याच्या खेळात, गणपती नाचायचा, संकासुर घुंगरं वाजवत पोरांच्या अंगावर धावून जायचा, मावशी लोकांना हसवून हसवून बेजार करायची, आणि राधा आली की बायका पदर सावरून पुढे सरकायच्या. या सगळ्यात कधीच कुणाला न दिसणारा माणूस म्हणजे भागोजी. त्याने उभ्या जन्मात खेळाच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. तो फक्त तोंडं रंगवायचा. शाळेच्या पडवीत चटई टाकून, पत्र्याची ट्रंक उघडून तो बसायचा, आणि एकेक जण त्याच्यासमोर मांडी घालून तोंड वर करून डोळे मिटायचा. दिवसभर आंब्याच्या बागेत फवारणी करून, नाहीतर चिऱ्याच्या खाणीत राबून आलेली ती तोंडं. भागोजी त्यांचे देव करून द्यायचा.

असं काम करणाऱ्याला थोडी घमेंड असायचीच. "देव मी करतो, मंग तुमी पाया पडताव," असं तो शिमग्यात एकदा तरी बोलून दाखवायचा. मग त्याची बायको सखू विचारायची, "व्हय का? मंग गोठ्यातलं श्यान कोन काढनार, तुमचा देव?" आणि भागोजी मुकाट्याने घमेलं उचलायचा.

त्या ट्रंकेला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नमनाच्या मंडळाचा रिवाज. भागोजीच्या बापाची ट्रंक ती. होळीच्या दिवशी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं जायचं, नारळ फुटायचा, आणि मगच झाकण उघडायचं. आत सफेद्याचा डबा, पिवडीची पिवळी पूड, कुंकू, काजळाची डबी, मिशांचे केस, आणि गेली काही वर्षं एक ट्यूब. या गोष्टीतलं सगळं दुखणं त्या ट्यूबमुळे आहे, म्हणून तिचं आधी सांगतो.

पूर्वी भागोजी सफेदा आणि पिवडी खोबरेल तेलात मळायचा. तेलाची खोड अशी की ते कातडीवर नुसतं बसून राहतं. शिमग्यातल्या उकाड्यात राधा दोनदा गिरकी घेते न घेते, तोच तेल सुटायचं, आणि तेलाबरोबर रंग. गवळण रंगात येईपर्यंत राधेच्या गालावरून पांढरे ओहोळ गळ्यात उतरायचे. मावशीचं काम करणारा बाबल्या, तोच मंडळाचा प्रमुख, भर खेळात म्हणायचा, "अगो राधे, तुजं दूध नासलं गो!" लोक हसायचे. पडवीत बसलेल्या भागोजीला ते हसू लागायचं.

मग एका गणपतीला भागोजीचा पुतण्या संदेश गावी आला. संदेश मुंबईला औषधांच्या गोदामात माल चढवतो. औषधांत काम करतो म्हटल्यावर वाडीच्या हिशेबाने तो अर्धा डॉक्टरच झाला. भागोजीला पावसाळ्यात कमरेला नायटा व्हायचा, खाजवून खाजवून रक्त निघायचं. संदेशने बॅगेतून एक ट्यूब काढून दिली. "लावा काका, सगळ्यावर चालते." आणि खरंच, आठवडा व्हायच्या आत खाज गायब! भागोजीने ती शेजारी दिली, शेजाऱ्याने व्याह्याला दिली, आणि ती एक ट्यूब वाडीभर पिळून घरी परत आली तेव्हा तिच्यात नुसता वास उरला होता. पुढच्या खेपेला संदेशने पिशवी भरून आणल्या. पोरगा मनाने चांगला, त्याच्या पोटात काही वाईट नव्हतं.

भागोजीचं लक्ष मात्र खाजेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. ते क्रीम कातडीवर चोळलं की दिसेनासं व्हायचं. तेलासारखं चकाकत नाही, हाताला चिकटत नाही, घटकाभरात पार जिरून जातं. रंगवणाऱ्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रंगाच्या खाली हे लावलं तर? त्याने आपल्या मुलाच्या, विनीतच्या तोंडावर आधी ते क्रीम चोळलं आणि वर रंग चढवला. त्या वर्षी राधा तीन तास नाचली, घामाने चोळी भिजली, पण रंगाचा थेंब उतरला नाही. शिवाय विनीतच्या गालावरच्या तारुण्यपिटिका दोन दिवसांत बसल्या आणि कातडी अशी नितळ झाली, की बायका हळूच सखूला विचारू लागल्या, पोराच्या तोंडाला काय लावतेस गो.

राधा म्हणजे हा विनीत. भागोजी आणि सखूचा एकुलता एक. रत्नागिरीला एमआयडीसीत कामाला जातो, मोटारसायकलने रोज येऊन जाऊन करतो. अंगाने सडपातळ, गळा गोड, आणि लुगडं नेसून उभा राहिला की त्याची सख्खी आत्यासुद्धा फसावी. त्याच्या गवळणीचा व्हिडिओ कुणीतरी फोनवर टाकला, तो हजारो लोकांनी पाहिला, आणि मुंबईच्या नाट्यगृहांतून मंडळाला बोलावणी येऊ लागली. प्रत्येक खेळाला रंग आणि प्रत्येक रंगाखाली क्रीम. पुढे पुढे खेळ नसला तरी विनीत रात्री थोडं लावून झोपायचा, कारण न लावलं तर तोंड खाजायचं. भागोजीनेच सांगितलं होतं, "खाजतंय तर लाव की. जिरून जातंय, त्याला काय व्हतंय?"

यंदा पौषात त्या तोंडाने दगा दिला. आधी उन्हात गेलं की चुरचुरायचं. मग गाल लाल झाले, लालीत बारीक लाल रेघा दिसायला लागल्या, हनुवटीवर पुरळ उठला, आणि गालांवर नको तिथे बारीक लव वाढू लागली. क्रीम लावलं की उतरायचं, दिवस चुकला की दुप्पट चढायचं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण देव रंगवणाऱ्याच्याच घरात खरी व्हावी, आणि तीही पोटच्या पोराच्या तोंडावर, याला काय म्हणावं! शिमगा महिन्यावर आला होता. ग्रामदेवतेची पालखी वर्षातून एकच संध्याकाळ तळेवाडीच्या सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसते, तिच्यापुढे नमन होतं, आणि राधेची गाणी विनीतशिवाय कुणाला येत नव्हती. शेवटी सखू कडाडली तेव्हा बापलेक रत्नागिरीला कातडीच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर सुमेधाताई चाळिशीच्या, बोलायला मऊ. त्यांनी दिव्याखाली विनीतचं तोंड बराच वेळ पाहिलं.

"काय लावता याला?"

भागोजी या प्रश्नाचीच वाट बघत होता. त्याने पिशवीतून दोन ट्यूबा काढून टेबलावर ठेवल्या. आपण सावध आहोत, पोराला विनाऔषध ठेवलेलं नाही, हे बाईंना दिसावं असं त्याला वाटत होतं.

"किती दिवस लावताय हे?"

"दिवस कसलं बाई, वरसं झाली. लय चांगला गुन हाय."

"आणि एका वेळी किती?"

भागोजीने तळहात पुढे करून त्यावर बोट फिरवलं. रंगाचा पाया घालायचा तर तेवढं लागणारच. बाईंनी ट्यूब उचलून मागची बारीक अक्षरं वाचली आणि खाली ठेवली.

"काका, यात तीन औषधं आहेत. त्यातलं एक स्टिरॉइड आहे, फार जोरकस. ते लाली आणि खाज दाबून टाकतं, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पण तोंडाची कातडी नाजूक. रोज रोज लावलं की ती पातळ होते, मग तिला त्याची सवय लागते. न लावलं की अशी पेटते."

"पन त्ये ऱ्हातच न्हाय बाई अंगावर," भागोजी म्हणाला. त्याचा विश्वासच बसेना. "म्या सोता बगितलंय. तेल ऱ्हातं. ह्ये जिरून जातं. जे ऱ्हातच न्हाय त्ये काय करनार?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला नीट समजावलं. तेल आणि पाणी एकमेकांत घोटलं की क्रीम होतं. ती नुसती गाडी असते. औषध त्या गाडीत बसतं आणि कातडीच्या आत जातं. गाडीचं पाणी उडून जातं, म्हणून वर काही दिसत नाही.

"जिरलं म्हणजे गेलं नाही काका. जिरलं म्हणजे आत गेलं."

भागोजीने टेबलावरची ट्यूब बोटाने लांब सरकवली. इतकी वर्षं तो वरून दिसणाऱ्या रंगाचा धनी होता. उतरला तो रंग गेला, दिसला तो राहिला, एवढंच त्याचं शास्त्र. दर खेळाला, दर रात्री, त्याच्या बोटांनी पोराच्या कातडीत काय काय आत घातलं, ते आता त्याला एकदम कळलं.

"बरं व्हईल ना बाई?"

"होईल. तरुण आहे, कातडी परत धरेल. पण ही ट्यूब बंद म्हणजे बंद. आधी तोंड आणखी भडकेल, घाबरायचं नाही. मी हलकं औषध देते, आणि हे साधं क्रीम. यात औषध नाही, नुसती गाडी आहे, ती कातडीला जपेल. उतरायला काही महिने जातील. तोवर ऊन टाळायचं आणि रंग तर अजिबात नाही."

"शिमगा हाय बाई," विनीत पहिल्यांदाच बोलला.

"माहीत आहे. मी पाहिलंय तुमचं काम फोनवर. माझ्या आईला तुमची राधा फार आवडते." बाईंनी औषधाचा कागद पुढे केला. "म्हणूनच सांगते, यंदा तोंड रंगवू नका. घरात अजून ट्यूबा आहेत का? असतील तर टाकून द्या."

"न्हाय," भागोजी म्हणाला.

एक होती. ट्रंकेच्या तळाला, सफेद्याच्या डब्याखाली, सील न फोडलेली. तो खोटं का बोलला हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शिमगा हाय, एवढंच त्याच्याही डोक्यात होतं.

बाई म्हणाल्या तसंच झालं. ट्यूब बंद केल्यावर विनीतचं तोंड असं पेटलं, की त्याला उशी सहन होईना. कामावर रुमाल बांधून जायचा आणि आल्यावर ओला पंचा तोंडावर टाकून माजघरात पडून राहायचा. साधं क्रीम सखूच लावायची, बोटाच्या पेराएवढं, हलक्या हाताने. भागोजी जवळ गेला की विनीत मान वळवायचा. रागाने नव्हे, पण वळवायचा. भागोजीला रागवलेलं परवडलं असतं.

होळीच्या आदल्या दिवशी बाबल्या येऊन ओटीवर बसला. चहा निवून गेला तरी त्याने कपाला हात लावला नाही.

"काय करायचं भागोजी? राधा न्हाय तर गवळन न्हाय. आनि गवळनीबिगर नमन म्हंजे देवीसमोर अर्ध्या पानावरनं उठल्यासारखं. रितेशला करू म्हटलं राधा, तर त्याला एक गानं येत न्हाय, आनि मंग किसन कोन व्हनार? माजं ऐक. एका संध्याकाळचा खेळ हाय. दहाला तर मायकच बंद करतत. एका येळंनं काय मरतं का मानूस?"

"डाक्टरीन न्हाय म्हनाली."

"डाक्टरनीला काय, ती सहानंवर येनार हाय का?"

बाबल्या वाईट माणूस नव्हता. वर्षभर गिरणीत पीठ दळायचं आणि एक संध्याकाळ मावशी होऊन गावाला हसवायचं, हेच त्याचं सुख. तो गेल्यावर विनीत माजघरातून बाहेर आला. तोंड पंच्याने झाकलेलं, नुसते डोळे दिसत होते.

"बाबा, ट्रंकेत एक ट्यूब हाय."

भागोजीने बाबल्याचा निवलेला कप उचलून बाजूला ठेवला.

"मागल्या वरसाला ठेवताना म्या बगितलं व्हतं. आज लावलं आनि उद्या लावलं, की परवा तोंड बसतंय. मला म्हाईत हाय ना. रंग चडंल. एकदाच. मंग पुना न्हाय लावनार, आयच्यान."

"मंग तूच का न्हाय घेतलीस?"

"तुमची ट्रंक हाय," विनीत म्हणाला. "तुमी दिलीत तरच."

  विनीत आत गेला आणि इतका वेळ ओटीच्या कडेला सुकटीची डोकी खुडत बसलेली सखू मान वर न करता म्हणाली,

"तुमी रंगवताव तवा त्याचं डोळं मिटलेलं असतत. काय लावताव त्ये पोर कदी बगत न्हाय."

एवढंच बोलली. तिने आरडाओरडा केला असता तर भागोजीने चार शब्द ऐकवले असते. पण हे त्याच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं.

ट्यूब त्याने दिली नाही, टाकलीही नाही. होळी झाली. पालखी वाजतगाजत सहाणेवर येऊन बसली, मुंबईकरांनी वाडी भरली, आणि दिवे लागायच्या सुमाराला शाळेच्या पडवीत भागोजीने चटई टाकली. गणपती रंगवला, कृष्ण रंगवला, बाबल्याच्या गालावर मावशीचा टपोरा तीळ काढला. सगळ्यांना आता तो मूठभर सफेदा साध्या क्रीममध्ये मळून लावत होता. औषधाचं क्रीम त्याने कुणालाच लावलं नाही. शेवटी विनीत आला. लुगडं नेसलेला, केसांचा टोप घातलेला, पायात चाळ. तोंड लालबुंद, गालावर खपल्या. तो समोर मांडी घालून बसला. तोंड वर केलं. आणि सवयीने डोळे मिटले.

भागोजीचा हात ट्रंकेत गेला. सफेद्याच्या डब्याखाली ट्यूब हाताला लागली. दोन दिवस उशीर झाला होता, पण थोडी लाली तरी उतरेल, वर जाड थर दिला तर विजेच्या दिव्यात कुणाला कळणार नाही. त्याने ट्यूब बाहेर काढली, टोपणाच्या टोकाने सील फोडलं आणि समोर बघितलं. पोराच्या पापण्या थरथरत होत्या, कारण नुसत्या वाऱ्यानेही तोंड झोंबत होतं. तरीही डोळे मिटलेलेच होते.

भागोजीने ट्यूब पिळली. शेवटच्या टोकापासून गुंडाळत पिळली, पार रिकामी होईपर्यंत, रंग पुसायच्या फडक्यात. मग ते फडकं चुरगळून कोपऱ्यातल्या कचऱ्यात टाकलं. साधं क्रीम बोटाच्या पेराएवढं घेतलं आणि विनीतच्या गालांवर अगदी हलकेच टेकवलं. इतक्या हलक्या हाताने त्याने आजवर देवाचं तोंडही रंगवलं नव्हतं.

"ऊठ," तो म्हणाला.

विनीतने डोळे उघडले. "रंग?"

"न्हाय."

"बाबा!"

"जा असाच. पदर घे तोंडावर. गानी तर येतत ना तुला? नाच तर येतो?"

"गवळनीत किसन पदर वर करतो, तुमाला म्हाईत न्हाय? आक्खी वाडी बसलीय. मुंबैची मानसं फोन काडून बसलीत." विनीतचा आवाज फाटला. "तुमाला काय हाय? तुमी हितं अंधारात बसनार. तुमचं तोंड कोन बगतंय?"

बाहेर मृदंगावर थाप पडली. बाबल्याने लुगड्याचा ओचा सावरत दारातून हाक दिली. विनीतने पदर नाकाच्या खाली ओढला आणि तो निघून गेला. भागोजी ट्रंकेसमोर बसून राहिला. पोर खरं बोलून गेलं होतं. मग तो उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खेळ चालू असताना पडवीतून बाहेर येऊन अंगणाच्या कडेला उभा राहिला.

गवळण चालू झाली. राधा पदराआडून गात होती आणि गळ्यात तोच गोडवा होता. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, मधे लुडबुडणारी मावशी. सगळं दरवर्षीसारखं. पुढच्या रांगेत सखू हात घट्ट धरून बसली होती. आणि ती जागा आली. रितेशने दाण म्हणजे वाटेचा कर मागितला, राधेने नाही म्हटलं, आणि रितेशने, त्याचं कामच ते, हात पुढे करून पदर वर केला.

बल्बचा उजेड थेट तोंडावर पडला. लाल, सोललेलं, खपल्यांचं तोंड.  मृदंगवाल्याचा हात थांबला. मागून कुणीतरी "अगो बाय!" म्हणालं, कुणी खुदकन हसलं, आणि दोनतीन फोन आणखी वर झाले. रितेश आपलं वाक्य विसरला. आता मावशीने काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. बाबल्याने तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांत कधी न आटलेली त्याची जीभ त्या वेळी टाळ्याला चिकटली. विनीतची मान खाली जाऊ लागली.

तेवढ्यात भागोजी अंगणात उतरला. गुडघ्यापर्यंतचा पंचा, रंगाचे डाग पडलेला बनियन, हातांना सफेदा. त्याने पालखीकडे बघून हात जोडले आणि राधेच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"काय बगताव?" तो लोकांना म्हणाला. माइकने त्याचा आवाज वाडीभर नेला. "गवळनीला ऊन लागलाय."

बाबल्या भानावर आला. मावशीच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून त्याने विचारलं, "ऊन लागलाय? मंग एवड्या उनात तिला बाजाराला धाडली कुनी?"

"तिच्या बापसानं."

"आनि कुटं हाय त्यो शाना बापूस?"

"ह्यो काय," भागोजी म्हणाला. "मीच त्यो. लोकांनी वा वा करावी म्हनून धाडली. तिला पोळतंय त्ये मला दिसलंच न्हाय."

लोक खो खो हसले. पंच्यातला बापूस भर गवळणीत येऊन उभा राहिला, याहून मोठी गंमत त्यांनी कधी पाहिली नव्हती. सखू तेवढी हसली नाही. तिने पदराने डोळे टिपले. भागोजीने मात्र लोकांकडे बघितलंच नाही. तो पोराकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी लपवायला त्याच्याजवळ पदरही नव्हता.

राधेने मान वर केली. झाकायचा पदर विनीतने स्वतःच मागे टाकला, पुरता, खांद्यावर. डोक्यावरचा रिकामा माठ सावरला आणि राधेच्या गळ्यातनं, पण आपल्या घरच्या बोलीत म्हणाला,

"ऊन काय जल्माचं नसतं, बाबा. उतरंल."

मृदंगावर थाप पडली. टाळ्या वाजल्या, रितेशला वाक्य आठवलं, विनीतने उघड्या लाल तोंडाने गिरकी घेतली आणि चाळ असे वाजले की मागची माणसं उठून उभी राहिली. भागोजी तिथेच खांबासारखा उभा. अंगणात यायचं कसं हे त्याला सुचलं होतं, जायचं कसं ते कुठे ठाऊक होतं! शेवटी मावशीनेच त्याचा कान धरला.

"चला आता, सासरंबुवा. का किसनाला लोनी इकायला बसताव?"

बाबल्याने त्याला कान धरून पडवीपर्यंत नेलं आणि हळूच पाठीवर हात ठेवून परत खेळात गेला.

नमन संपल्यावर विनीत पडवीत आला. टोप काढला, चाळ सोडले आणि चटईवर बापासमोर बसला. तोंड घामाने आणि उकाड्याने जास्तच लाल झालं होतं.

"झोंबतंय काय?" भागोजीने विचारलं.

"व्हय. लय."

भागोजीने हात स्वच्छ धुतले, दोनदा. साध्या क्रीमचं टोपण उघडून डबी पोराच्या हातात दिली आणि वरची अक्षरं वाचून दाखव म्हणाला. विनीतने दिव्याजवळ धरून सगळं वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग डबी बापाकडे परत दिली आणि तोंड वर केलं. या वेळी त्याने डोळे उघडे ठेवले होते, आणि भागोजीने पेराएवढं क्रीम घेऊन त्याच्या कपाळापासून सुरुवात केली.